बॅटरी एसटीनं जाते, बाई जात नाही

नाव: फुलवंता मडावी. पद: तलाव चौकीदार, हंगामी, रोजंदारी. कार्यक्षेत्र: अर्जुनी मोरगाव तालुक्यातील जंगलकाठचा एक तलाव, त्याची पाळ व सांडवा. साधन: कार्यालयीन स्मार्टफोन, सुस्थितीत. अन्य साधन: स्वतःचा जुना फोन, कालबाह्य, वापरास मनाई. वर्तन: उद्धट. सद्यस्थिती: कर्तव्यावर पूर्णवेळ हजर.

यातला 'उद्धट' हा शब्द खरा आहे. बाकीच्याचं असं झालं.

पाळीवरच्या चौकीत वीज नाही. पावसाळाभर फुलवंताचा मुक्काम तिथंच. पाणी सांडव्याकडे चढायला लागलं की खालच्या धानाच्या बांध्यांत राबणाऱ्यांना फोन करायचा, हे तिचं काम. तिच्या जुन्या फोनचं मागचं झाकण नखानं उघडे आणि बॅटरी हातात येई. बॅटऱ्या दोन. एक फोनमध्ये, दुसरी सकाळच्या एसटीत. कंडक्टर टिकाराम ती अर्जुनीच्या स्टँडवर चुन्नीलालच्या चहाटपरीवर द्यायचा, चुन्नीलाल तिला चिमट्याच्या चार्जरमध्ये अडकवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं ती भरून परत यायची. मग ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात. बॅटरी रोज तालुक्याला जाऊन यायची. फोन पाळीवरून हलायचा नाही.

मग कार्यालयानं नवा फोन दिला. त्याची बॅटरी आत चिकटवलेली, झाकणाला नख शिरेल एवढीही फट नाही. सूचना अशा: हाच वापरावा, जुना बंद करावा, हजेरी ॲपवरूनच होईल, फोन सदैव चार्ज ठेवावा. फुलवंतानं यातली शेवटची सूचना तंतोतंत पाळली. बॅटरी निघत नाही म्हटल्यावर ती रोज सकाळी अख्खा फोनच टिकारामच्या हवाली करू लागली; पाळीवर जुना फोन चालूच राहिला.

ॲपनं आपलं काम चोख केलं. चौकीदार सकाळच्या गाडीनं तलाव सोडते आणि दिवसभर चहाटपरीवर बसते, असं त्यानं वर कळवलं. इकडे चुन्नीलालचा टिकारामकरवी निरोप आला, "बाई का फोन रोज आके बैठता है, चाय एक भी नहीं पीता."

नोटीस आली. सतत गैरहजर, कामावरून कमी का करू नये? नवऱ्याला, सुकरामला, जुना फोन देऊन फुलवंतानं पाळीवर बसवलं आणि नवा फोन घेऊन कार्यालय गाठलं.

तिथले अधिकारी पटले साहेब, त्यांनी तिला जबाबदारी म्हणजे काय ते समजावलं. पॉवर बँक घ्या म्हणाले, आणि त्याची तरतूद नाही हे त्यांनाच आठवलं.

"फोन चार्ज होवाले गेला साहेब," फुलवंता म्हणाली. "मी कायले जाऊ त्याच्यासंग? मी पाळीवरच होती."

साहेब म्हणाले, ते जुनं खटारं बंद करा, तसले फोन आता जगात कोणी बनवत नाही. त्यावर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरच्या ओमेशनं, मान वर न करता, युरोपात तसा कायदाच झाल्याचं सांगितलं. गिऱ्हाईकाला बॅटरी स्वतःच्या हातानं काढता आली पाहिजे, काही अपवाद सोडून. फुलवंतानं विचारलं, कधीपासून? ओमेश म्हणाला, सत्तावीस सालापासून.

"म्हंजे ते लोक आता माह्या फोनपावतर येऊन राहिले. येऊ द्या. मंग मीच काऊन मांगं जाऊ?"

हे युरोप नाही, अर्जुनी मोरगाव आहे, असं साहेबांनी लक्षात आणून दिलं. याला कोणाचीच हरकत नव्हती. नवा फोन चार्ज असला पाहिजे आणि मान्य जागीच असला पाहिजे, नाहीतर घरी बसा, असं ते शेवटचं म्हणाले.

फुलवंतानं फोन त्यांच्या टेबलावर ठेवला.

"पाळीवर लाईट द्या, हा पाळीवर राहीन. तोवर तुमच्याजवळ राहू द्या, तुमच्याइथं लाईट राहते. अन् मले कमी कराचं असन तं करा. पाणी चढलं तं खालचे लोक मलेच फोन करतीन."

साहेबांनी फाईल ओढून वर्तनाच्या रकान्यात एक शब्द लिहिला. ती संध्याकाळच्या गाडीनं परतली. त्याच गाडीत टिकारामच्या झोळ्यात तिची बॅटरी होती.

ॲपच्या मान्य जागांच्या यादीत तलाव आहे आणि कार्यालयही आहे. चहाटपरी नाही. त्यामुळे फुलवंताच्या नावापुढं आता रोज हिरवी खूण येते, आणि नोटीस पुढं सरकवायला कारण उरलेलं नाही.

फुलवंता पाळीवर आहे. हजेरीचा फोन पटले साहेबांच्या कपाटावर चार्जिंगला लावलेला आहे.