सुनेला तपासायला आणलं तेव्हा

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी जळगावच्या एका दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. थंडी पडली की ओसरीवर खोकणाऱ्यांची गर्दी व्हायची. त्यातून क्षयाचे रोगी वेगळे काढायचं काम माझ्याकडे होतं.

एकदा बोदवडकडचे एक आबा सुनेला घेऊन आले. केळी-कपाशीचं घर, अंगात धुवट सदरा, कडेवर तान्हा नातू. सून बाळंतपणानंतर खंगली होती आणि खोकत होती. घरच्यांनी क्षय ठरवूनच टाकला होता. तिला माहेरी धाडायचं, मूल ठेवून घ्यायचं. फक्त माझ्या तोंडून ऐकायचं बाकी होतं.

मी तिला विचारत गेलो. ताप संध्याकाळी चढतो का? थुंकीत रक्त दिसतं का? ती खाली बघून "नाही" म्हणत होती. मग विचारलं, "घरात आणखी कोणी खोकतं?"

तिनं सासऱ्यांकडे एकदा बघितलं आणि पदर तोंडाशी नेला.

"माहा तमाखूचा खोकला हाये," आबा म्हणाले. "लय जुना. तुम्ही तिले पाहा."

"आबा, मूल कोणाजवळ झोपतं?"

"माह्याजवळ."

मी दोघांचीही थुंकी घेतली. ती मंडळी रात्री धर्मशाळेत राहिली. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर सुनेच्या काचेवर काहीच नव्हतं. आबांच्या काचेवरचे जंतू मात्र शोधावेही लागले नाहीत.

मी आबांना तसं सांगितलं. त्यांनी मांडीवरचा नातू उचलून सुनेकडे दिला.

"पोरी, तुले काही नाही. मले हाये. घरी मीच सांगतो."

मूल रडत त्यांच्याकडे झेपावत होतं. त्यांनी हात पाठीमागे धरून ठेवले.

क्षयावर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. मोकळी हवा, दूध, वेगळं अंथरूण, एवढंच मी सांगू शकलो.

पुढच्या हिवाळ्यात सून नवऱ्याबरोबर मुलाला तपासायला घेऊन आली. आबा केळीच्या मळ्यातल्या झोपडीत राहायला गेले होते, आणि पावसाळ्यात तिथंच वारले. ती रोज भाकरी घेऊन जायची, मुलाला कडेवर घेऊन बांधावर थांबायची.

"आबा तठूनच बोलत त्याच्याशी," ती म्हणाली. "जवळ येऊ देत नव्हते."

मी मुलाच्या छातीला नळी लावली. श्वास स्वच्छ होता. तसं सांगितल्यावर नवऱ्यानं हात जोडले. ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली.