दाबलं गेलं असावं

कुमसाराला, म्हणजे चर्चमध्ये पापं कबूल करायला, मी दर वर्षी जाते. नाताळच्या आधी एकदा, उपासकाळात एकदा. गुडघे टेकते, जाळीपलीकडच्या फादरना ‘खोटं बोलले’ एवढं सांगते आणि उठते. त्यांना वाटत असेल, सासूशी बोलली असेल काहीतरी. कुठलं खोटं, कुणाशी, हे त्यांनाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. नऊ वर्षं झाली. तुम्हाला सांगतेय—तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय की काय, कोण जाणे.

मी सांडोरची. घरामागे केळी, वडील शिक्षक. इंजिनिअर झाले आणि पोटापाण्याला काम मिळालं ते चुका दुरुस्त करण्याचं. हसू नका, खरंच असं काम असतं. होडीवरून किनाऱ्यावर संदेश येतो तो शून्य आणि एक यांची माळ होऊन. वाटेत वाऱ्यापावसात गडबड होते, एखाद्या शून्याचा एक होतो. म्हणून माळेत काही जास्तीचे आकडे आधीच ओवून ठेवायचे. त्यांच्या आधारानं किनाऱ्यावरचं यंत्र बिघडलेली माळ पुन्हा नीट लावतं. आमच्या यंत्राची रीत अशी होती, की ज्या आकड्यांवर संशय येईल ते सगळे उलटसुलट करून बघायचे. सहा आकड्यांवर संशय असेल, तर चौसष्ट वेळा. आणि तरीही धड काही जुळलं नाही, तर यंत्रानं प्रामाणिकपणे म्हणायचं—कळलं नाही, पुन्हा पाठवा.

हे यंत्र आमच्या छोट्या कंपनीनं अर्नाळ्याला मच्छीमारांच्या सोसायटीच्या गच्चीवर बसवलं होतं. सौर ऊर्जेवर चालणारं, जीव तो केवढा. प्रत्येक होडीवर चार बटणांची डबी, एकेका बटणाला एकेक ठरलेला संदेश. संध्याकाळी परतताना सगळे एकदमच बटणं दाबायचे आणि ते बिचारं चौसष्ट-चौसष्ट वेळा हिशेब करत धापा टाकायचं. पडदाभर ‘पुन्हा पाठवा’. तांडेल लोक वैतागले. ते होडीचे कप्तान, त्यांना कोण पुन्हा पाठवायला सांगणार? साहेब म्हणाले, यंत्राचं काम कमी करा. मी केलं. संशयित फक्त दोनच धरायचे, म्हणजे चारच खेपा. आणि ‘कळलं नाही’ हे उत्तरच मी काढून टाकलं. जे सगळ्यात जवळचं वाटेल ते बोलून मोकळं व्हायचं.

झरझर चालायला लागलं. सोसायटीनं मला शाल-श्रीफळ दिलं. खवळलेल्या समुद्रातली चाचणी पावसाळ्यानंतर मासेमारी पुन्हा सुरू झाल्यावर करू, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. केली नाही.

आता जनूदादांचं सांगते. जनूदादा तांडेल, पन्नाशी ओलांडलेले, आवाज खणखणीत. नारळी पौर्णिमेनंतरची दुसरी की तिसरी फेरी. समुद्र अजून निवला नव्हता. इंजिन बंद पडलं, ते चालू करताना त्यांच्या धाकट्या भावाचा, मोरेश्वरचा, उजवा हात पट्ट्यात सापडला. दादांनी तिसरं बटण दाबलं—माणूस जखमी, मदत पाठवा. डबीवर हिरवा दिवा लागला, म्हणजे संदेश पोचला. दादा भावाचा हात लुंगीत गुंडाळून वाट बघत राहिले. किनाऱ्यावर पडद्यावर उमटलं होतं—उशीर होईल, काळजी नको. कुणी काळजी केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका होडीनं त्यांना ओढून आणलं. हात कोपराखाली कापावा लागला.

सोसायटीत बैठक ठरली. त्या सकाळी मी यंत्रानं साठवलेली मूळ माळ घेतली आणि घरी लॅपटॉपवर जुन्या, सावकाश रीतीनं लावून बघितली. कपातला चहा निवायच्या आत उत्तर आलं. माणूस जखमी, मदत पाठवा. संशयित सहा होते. चुकलेले आकडे मी सोडून दिलेल्या चारांत होते. हे मला बैठकीच्या आधी कळलं. नंतर नव्हे, आधी. एवढं तरी नीट सांगायला हवं.

बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “बटण चुकीचं दाबलं गेलं असावं.”

बघा ना वाक्य. कुणी दाबलं, ते त्यात नाही. दाबलं, असंही नाही. नुसतं ‘असावं’. असली भाषा मी ऑफिसात शिकले, आणि मनातल्या मनात म्हटलं, आपण खोटं कुठे बोललो? पण लोक जिना उतरेपर्यंत ते ‘असावं’ गळून पडलं होतं. आणि जनूदादा—ते भांडतील, असं मला वाटलं होतं. ते उठून उभे राहिले, स्वतःच्या अंगठ्याकडे बघत.

“आसंल, बाय. होडी हालत व्हती. बोट सरकलं आसंल.”

नोकरीची भीती होती का मला? होती थोडी. पण खरं सांगू? त्या खोलीतल्या माणसांनी मला हुशार म्हटलं होतं, आणि ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी मी एका माणसाला त्याच्या भावाचा हात तोडणारा ठरवलं.

आठवड्यानं ते सांडोरला घरी आले, सुक्या बोंबलांची पुडी घेऊन. माझ्यामुळे तुमच्या यंत्राला बट्टा लागला, म्हणाले. माझी माफी मागायला आले होते ते! मी पुडी घेतली. बोंबलांची चटणी केली, आम्ही सगळे जेवलो. पुढच्या महिन्यात गुपचूप ‘पुन्हा पाठवा’ परत बसवलं आणि कागदोपत्री त्याला ‘सुधारणा’ म्हटलं.

दादांनी तांडेलपण सोडलं. लोकांनी सोडायला लावलं नाही. त्या डबीला पुन्हा बोट लावणार नाही, म्हणाले. बंदरावर जाळी विणत बसायचे. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला ते गेले.

मी भेटायला गेले. मोरेश्वरनं डाव्या हातानं खुर्ची पुढे सरकवली, बायकोला चहा टाकायला सांगितला. मग आपणहून बोलायला लागला. नऊ वर्षं दोघे एका घरात, पण तो दादांशी एक शब्द बोलला नव्हता. एका हातानं त्याला माशाचे काटे काढता यायचे नाहीत. दोन्ही वेळा दादा त्याच्या ताटातला मासा घेऊन काटे काढून द्यायचे, आणि तो खाली मान घालून जेवायचा. अखेरच्या आठवड्यात दादांचे हात थरथरत होते, तरी काढून देत होते. तेव्हाही तो बोलला नाही.

मी समोर बसले होते. बायको आत चहाला गेलेली, बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंच. सांगायला तोंडातून एक वाक्य काढायचं होतं.

तो म्हणाला, “तुमी तवा सांगितलंत म्हनून समजलं, बाय. नायतर मी देवालाच बोल लावत बसलो आसतो.”

मी ‘हो’ म्हणाले.