स्लॅबला काही टांगू नये

आमची लेक बोलत नाही. आता ती चांगली मोठी, माझ्याहून उंच झाली आहे, पण दिवसातला बराचसा वेळ ती हॉलमधल्या झोपाळ्यावर असते. ती लहान असतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, या मुलांचं अंग हालचाल मागतं. ती मिळाली नाही की बिथरतं. बीड बायपासकडे हा फ्लॅट घेतला तेव्हा इमारत अर्धीच उभी होती. नवऱ्यानं बिल्डरच्या मागं लागून स्लॅब टाकतानाच चार जाड कड्या आत बसवून घेतल्या. बाकीचे लोक देवघर कुठं येईल, ओटा कोणत्या दिशेला, हे विचारायचे. आम्हाला तेवढ्या कड्या हव्या होत्या.

पुढं सोसायटी झाली, कमिटी झाली. शेजारच्या विंगमध्ये एकानं हौसेनं झोपाळा टांगायला स्लॅबला ड्रिल मारलं आणि आतली वायरिंगची नळी फोडली. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी झिरपून पंख्यावरून टपकायला लागलं. मग पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सभा झाली आणि नियम झाला : स्लॅबला ड्रिल मारू नये, झोपाळा किंवा कोणतीही जड वस्तू टांगू नये. मी सेक्रेटरीकडं पाहिलं. तो कन्नड तालुक्यातला, शेतकरी घरातला मुलगा, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. झोपाळ्याला तो बंगईच म्हणायचा. तिथल्या तिथं म्हणाला, "काकू, तुमची बंगई जुनी हाय. तुम्हाला कोण काय म्हणतंय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही हात वर करून नियमाला होकार दिला.

वरचा फ्लॅट तेव्हा रिकामा होता. शेवटचा मजला, वर गच्ची आणि टाक्या. उन्हाळ्यात तिथं भट्टी पेटते, म्हणून लवकर कुणी घेतला नाही. मग देवगाव रंगारी गावचं एक जोडपं राहायला आलं. भाऊ पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, मुलगा पुण्यात. शेती वाट्यानं दिलेली. वहिनी बोलक्या, पण जिन्यात दिसल्या की कठडा घट्ट धरलेला. मला वाटायचं, गुडघ्यांचं काहीतरी असेल.

आल्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊ खाली आले. हातात येसराचा, आमटीच्या मसालेदार पिठाचा डबा. बसायला सांगितलं तरी बसेनात. लेक झोपाळ्यावर होती, त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"ताई, एक सांगू का? राग मानू नका."

"अहो, सांगा ना."

"आमच्या हिला चक्करचा आजार आहे. कानाच्या आतला दोष म्हणतात. उठली तरी फिरतं, पडली तरी फिरतं. पलंगावर पडली की तुमचा झोका तिला खालून कळतो. आवाज नाही हो येत. हेलकावा येतो. मला नाही कळत, तिला कळतो."

नवऱ्यानं त्याच दिवशी कड्यांना ग्रीस लावलं. लोखंडाच्या दुकानातून रबराचे वॉशर आणून साखळ्यांमध्ये घातले. भाऊंना फोन करून विचारलं, फरक पडला का? ते म्हणाले, "पडला, पडला." पण त्यांच्या आवाजावरून कळत होतं, पडला नव्हता.

मग आम्ही वेळ ठरवली. वहिनी दुपारी जेवून पडायच्या, तेवढा वेळ झोपाळा बंद. साखळ्या वर गुंडाळून बांधून टाकायच्या. पहिल्या दुपारी लेक त्या बांधलेल्या साखळ्यांखाली जाऊन उभी राहिली. वर पाहत होती. मग ती मनगट चावायला लागली. मी तिला धरलं, गाणं म्हटलं, आवडीचा डोसा करून दिला, सगळं केलं. शेवटी तिनं डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली आणि तो धपधप आवाज वरपर्यंत गेलाच असणार, कारण भाऊंचा फोन आला, "ताई, सोडा हो तो झोपाळा. लेकराला बसू द्या. ही म्हणतीये, बसू द्या."

आम्ही उस्मानपुऱ्यातून लोखंडी स्टँडचा झोपाळाही आणला. जमिनीवर उभा राहतो तसला, त्याचा स्लॅबशी काही संबंध नाही. लेकीनं त्याला हातही लावला नाही. त्याचा झोका आखूड, आणि वर स्टँडची दांडी दिसते. ती त्याला वळसा घालून जुन्या जागी जाऊन बसायची. तो स्टँड अजून बाल्कनीत आहे, आम्ही त्याच्यावर कपडे वाळवतो.

तक्रार वरच्यांनी केली नाही. त्यांच्या मुलानं पुण्याहून कमिटीला मेल केली. आईची तब्येत, सोसायटीचा नियम, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. त्यानं तरी काय चूक केली? माझी आई तिथं असती तर मीही लिहिलं असतं. सेक्रेटरी दाराशी आला, चप्पल काढून आत आला, आणि लेकीसमोर खुर्ची ओढून बसला.

"काकू, मला कायबी सुचंना," तो म्हणाला. "नियम लावावा तर तुमचं असं. नाय लावावा तर शेजारच्या विंगवाला म्हणतोय, माझी बंगई काढायला लावली, मग यांची कशी चालती?"

"तू काय करशील रे? तुझं काम आहे ते."

"नोटीस काढावी लागंल. कागद म्हणून. तुम्ही मनावर घेऊ नका."

नोटीस आली. आम्ही ती फ्रिजवर ठेवली. सभेत विषय निघाला तेव्हा कुणी वाकडं बोललं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. एक बाई रडल्या. एकांनी आयुर्वेदिक डॉक्टरांचा पत्ता दिला, आमच्यासाठी की वरच्यांसाठी ते मला कळलं नाही. कुणीतरी म्हणालं, तळमजल्याचं घर पाहा. पण तळमजल्याच्याही वर कुणीतरी राहतंच. शेवटी पुढचा विषय घेतला, टँकरचा, आणि लोक एकदम मोठ्यानं बोलायला लागले.

अदलाबदलीची कल्पना वहिनींची. आम्ही वर जायचं, त्यांनी खाली यायचं. आमच्या डोक्यावर गच्ची, मग हेलकावा जाईल कुठं? ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचे हात हातात घेतले. कड्या वर नव्यानं बसवाव्या लागल्या असत्या, पण सेक्रेटरी म्हणाला, त्याचं तो बघून घेईल. वहिनी म्हणाल्या, "आधी तिला घर दाखवा. तिला पटलं पाहिजे. आपल्याला काय, आपण कुठंबी राहू."

एका संध्याकाळी मी लेकीला घेऊन वर गेले. खोल्या अगदी आमच्यासारख्याच, पण हॉलच्या मध्ये झोपाळा नाही. लेक तिथं जाऊन थांबली. छताकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं. मग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरायला लागली, भराभर, काहीतरी हरवल्यासारखी. आतल्या खोलीत वहिनी पलंगावर टेकून बसल्या होत्या. त्यांनी हसून हात पुढं केला.

"ये गं माय. बस."

लेक बसली. त्यांच्या अगदी जवळ, पलंगाच्या काठावर. आणि तिला झोपाळा नसला की ती जे करते तेच तिनं सुरू केलं. पुढं-मागं, पुढं-मागं, सगळं अंग घेऊन. पलंग हलायला लागला. मी म्हटलं, "चल बाळा, ऊठ." ती उठेना. वहिनींचा चेहरा पांढरा पडत गेला. एका हातानं त्यांनी पलंगाचा कठडा धरला होता आणि दुसरा हात लेकीच्या पाठीवर होता. तो त्यांनी काढला नाही. मी लेकीला ओढायला लागले तशी ती किंचाळली. वहिनींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "राहू द्या, ताई. बसू द्या थोडं." आणि लगेच त्यांना उलटी झाली. भाऊ टॉवेल घेऊन धावले. लेक तशीच झुलत होती. मी कुणाला धरावं हेच मला कळेना.

अदलाबदलीचं पुन्हा कुणी काढलं नाही.

दिवाळीच्या आधी त्यांनी घर सोडलं. उस्मानपुऱ्यात एक जुनं बैठं घर भाड्यानं मिळालं, वर कुणी नाही, खाली कुणी नाही. मी भांडी बांधायला वर गेले होते. भाऊ पेपरात कपबशा गुंडाळत होते. म्हणाले, "तुमच्यामुळं नाही हो, ताई. गच्चीचं ऊन लई. लिफ्टही सारखी बंद असते." मी "हो" म्हटलं. वहिनी खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांनी निघताना लेकीसाठी धपाट्यांचं पीठ दिलं.

त्यांचा टेम्पो गेला त्या दुपारी लेक झोपाळ्यावर होती. कुणी अडवणार नव्हतं. मी समोर बसून पाहत होते, आणि मला वाटलं होतं तसं मोकळं काही वाटलं नाही.

परवा मी वहिनींना फोन केला. घर कसं आहे, नळाला पाणी कधी येतं, असं बोलणं झालं. मग मी भीत भीत विचारलं, चक्कर कशी आहे?

"तसंच हाय, ताई. इथंबी फिरतं." मग हसल्या. "तुम्ही आता वाईट वाटून घेऊ नका. झोका नव्हताच तो, माझंच डोकं."

"किंवा दोन्ही असेल," मी म्हटलं.

"व्हय, दोन्ही असेल."

त्यांनी विचारलं, लेक जेवली का? मी सांगितलं, जेवली. मग त्यांच्या दाराशी कुणीतरी आलं आणि त्यांनी फोन ठेवला.