झुंबराखालचा फोटो

इमोजेन आजची रात्र कुठे काढणार, ही चिंता ग्लेनिसच्या मनातून जाईना. पंधरा वर्षांची पोर, त्यात दमा, आणि युरोपात सोबतीला बाप कोण, तर रॉडनी! लग्नानंतर फिरायला नेलं, तेव्हा या माणसाने ग्लेनिसला व्हेनिसच्या स्टेशनवर बाकड्यावर झोपवलं होतं आणि हॉटेलचं भाडं वाचलं म्हणून रात्रभर खुशीत शीळ घातली होती. घटस्फोट झाला, तरी ते बाकडं ती विसरली नव्हती.

सकाळी लॉन्सेस्टनला, ग्लेनिसच्या घरी, लेकीचा फोन आला.

"आई, आजही रात्रीची बसच. बाबा म्हणतात, बस म्हणजे चाकांवरचा पलंग."

"अगं, हॉटेलांसाठी आजीने पैसे दिलेत ना? व्हिएन्नाच्या हॉटेलातला तुझा फोटो तिने मला कौतुकाने दाखवला. केवढं ते झुंबर!"

"तिथे आम्ही नुसते सोफ्यावर बसलो गं. बाबांनी फोटो काढून आजीला पाठवला आणि म्हणाले, ऊठ, वेटर येतोय!" एवढं बोलून पोरगी खोकत सुटली.

आधी रॉडनीलाच झापावं, असं ग्लेनिसला वाटलं. पण तो गोड बोलून माफी मागेल, एक रात्र खोली घेईल आणि पुन्हा बस पकडेल. तेवढ्यावर त्याला सोडायचं नव्हतं. जगात तो एकाच माणसाला टरकून होता, आणि त्या माणसाला थापा मुळीच खपत नसत.

ग्लेनिसने चहाचा कप बाजूला सारला आणि सासूबाईंचा नंबर काढला.