आत्या ड्यूटीवर असताना

मला आयुष्यात जे मोठे धक्के बसले, ते बहुतेक सगळे एकट्या आतेसासूबाईंच्या नावावर निघतील. पहिला तर लग्न ठरायच्याही आधीचा. आम्ही सांगलीचे, सासरचे तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या मद्रासेत मुरलेले. मला बघायला मंडळी आली तेव्हा या बाईंनी नाव-शिक्षण काही न विचारता माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत बोटं फिरवली. बांगड्यांचं माप घेताहेत असं वाटून माझी आई सुखावली. आत्यांनी मान वर करून जाहीर केलं, "शिरा फस्क्लास आहेत कीं! अंधारांत सुद्धां सुई जाईल." बाबांच्या हातातला लाडू हातातच राहिला. मी पसंत असल्याची ती पावती होती, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

ऐन पंचविशीत त्या नर्स म्हणून मस्कतला गेल्या आणि केस पिकेपर्यंत तिथेच राबल्या. धाकट्या भावंडांची शिक्षणं, लग्नं, आईचं लांबलेलं आजारपण, सगळं त्यांच्या नोकरीवर पार पडलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायच्या, "ही शिफ्ट संपूं दे." ती शिफ्ट काही संपली नाही. चेन्नईला परतल्यावरही अंगातली नर्स निवृत्त झाली नाही. आमच्या अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये त्या राहायला आल्या की पलंगावरची चादर अशी ताणून खोचायच्या की माझ्या नवऱ्याला पाय हलवायची सोय उरायची नाही. पानावर बसलेल्या पाहुण्यांना भात वाढता वाढता "सकाळीं मोशन झाली कां?" असं ठणठणीत आवाजात विचारायच्या. एका व्याह्यांना तर भर पंगतीत विचारलं. ते बिचारे दोन घास कमीच जेवले.

पण खरी शोभा झाली ती टी. नगरच्या दुकानात. नणंदेच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेलो होतो. समोर रेशमी साड्यांचा ढीग, आम्ही बायका पदर बघण्यात गुंग, आणि आत्यांचं लक्ष मात्र साड्या दाखवणाऱ्या वयस्क विक्रेत्याच्या पायांकडे. घोटे सुजले होते. "उक्कारुंगो, बसा आधीं!" असं म्हणत त्यांनी त्याला गादीवर बसवलं आणि त्याचा पाय उचलून सरळ कांजीवरमच्या गठ्ठ्यावर ठेवला. लग्नाच्या साडीवर पाय! मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मालक गल्ला सोडून धावत आला, तर आत्या त्यालाच म्हणाल्या, "दिवसभर उभा करतां कां याला? रक्त खालीं उतरत आहे." मालकाने मुकाट्याने स्टूल मागवलं. आम्ही साडी दुसऱ्या दुकानात घेतली.

या सगळ्याचं हसू यायचं, पण सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि हसू आटलं. उजवी बाजू लुळी पडली. हलवलं तर हात-पाय परत येतील, पडून राहिले तर कायमचे गेले, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सासरे मात्र भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. मी त्यांना चमच्याने उपमा भरवत होते तेव्हा आत्या आल्या आणि माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "पुरे कर पोरी. तूं याला जेवण देत नाहीस, याचा हात काढून घेत आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताजी फिल्टर कॉफी केली, वाफाळता टंबलर बाहेरच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी पेपर उघडून बसल्या. खोलीतून सासऱ्यांनी हाक मारली. "इथें आहे रे अण्णा, ये," एवढंच उत्तर. कॉफी निवली, आत्यांनी ती मोरीत ओतली. पुढच्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्याही दिवशी तेच. आतला म्हातारा चिडायचा, मग विनवायचा. मला राहवेना. "आत्या, सख्ख्या भावाशी असं वागतं का कुणी?" पेपरातून डोकं वर न काढता त्या म्हणाल्या, "सख्खा आहे म्हणूनच. परका असता तर नेऊन दिली असती." त्या दिवशी मला त्यांचा खरोखर राग आला होता.

आणि मग एका सकाळी खोलीच्या दारात सासरे उभे दिसले. भिंतीला धरून, पाय फरफटत, घामाघूम. मी धावणार तोच आत्यांनी मान वळवून डोळ्यांनीच मला जागेवर थांबवलं. त्या स्वतःही हलल्या नाहीत. मी मागे उभी होते म्हणून मला दिसलं. आत्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत इतके घट्ट गुंतवले होते की बोटं पांढरी पडली होती. सासरे टेबलापर्यंत आले, खुर्चीत कोसळले, डाव्या हाताने टंबलर उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे."

"उद्यां ये, घालतें," आत्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. मी मागे गेले नाही. मला रडू आवरत नव्हतं.

सासरे काठी घेऊन खाली फेऱ्या मारू लागले, त्याच आठवड्यात आत्यांनी सुटकेस भरली. तंजावरला कुठल्याशा वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. निघताना आमच्या सांगलीत 'येते' म्हणतात, या घरात 'जाऊन येतें' म्हणतात. आत्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून म्हणाल्या, "जातें."

मी दचकलेच. "अहो आत्या, असं म्हणू नये! येते म्हणा."

"आतां मी आलें म्हणजे या घरांत कोणी पडलेलें असणार," चपलेचा पट्टा लावत त्या म्हणाल्या. "त्यापेक्षां जातें, तेंच बरें." आणि मागे वळून न बघता ऑटोत बसल्या.

शब्दाच्या पक्क्या. फोन करतात, सगळ्यांच्या पोटाची चौकशी करतात, पण फिरकत नाहीत. घरात सगळे खणखणीत आहेत, देवाची कृपा आहे, आणि तरी मला त्यांची फार आठवण येते. परवा सकाळी अंग जरा मोडून आल्यासारखं वाटलं, तर मी घाईघाईने थर्मामीटर लावून बसले. ताप नव्हता.