क्लेमच्या फ्रीजचा हिरवा दिवा

क्लेम ट्रेगेंझाला मी आठ वर्षं ओळखते. म्हणजे वर्षातून चार दिवस, पण आमच्या धंद्यात तेवढे पुरतात. ऑस्ट्रेलियातल्या नलारबॉरचा उजाड माळ सुरू होण्याआधी आमचं हे शेवटचं बऱ्यापैकी गाव. पश्चिमेला निघालेली म्हातारी जोडपी आपली घरगाडी माझ्या तळावर लावतात, पाणी भरतात, कपडे धुतात आणि पुढे जातात. कोण चोरून पितं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, हे मला दोरीवरच्या कपड्यांवरूनसुद्धा कळतं.

क्लेमने चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगची कामं केली. मग घर विकलं आणि बायकोला, नोरीनला, घेऊन घरगाडीतच राहायला लागला. तळावर पाऊल ठेवलं की याचं डोकं कुणाच्या तरी बॉनेटमध्ये. कुणाचा पंप, कुणाची बॅटरी. मोबदला घ्यायचा नाही, उपदेश मात्र भरपूर द्यायचा. मला तो आवडायचा, आणि दोन दिवसांनी डोक्यात जायचा.

नोरीनला वीस वर्षांपासून मधुमेह. इन्सुलिनची तीन महिन्यांची पेटी त्यांच्या फ्रीजच्या मधल्या फळीवर असायची. हा फ्रीज तीन तऱ्हांनी चालतो: तळावर विजेवर, रानात गॅसवर आणि गाडी धावत असताना इंजिनाच्या करंटवर. गाडी निघाली की गॅस बंद आणि फ्रीजच्या दाराला कडी. संध्याकाळी मुक्काम पडेपर्यंत ती काढायची नाही, नाहीतर गारवा जातो. हा नियम आमच्यात सगळेच पाळतात. दिवसभराचं पाणी, बियर, सँडविच वेगळ्या बर्फाच्या पेटीत. मुक्कामाला पोचल्यावर आधी फ्रीज विजेवर किंवा गॅसवर टाकायचा, मग खुर्च्या मांडायच्या. जेवणाच्या वेळी दार उघडावं तर आत गारच.

त्या फेब्रुवारीत दोघं उत्तरेकडून आली. ऑल्बनीत त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. एरवी एका ठिकाणी पंधरा-पंधरा दिवस विजेला जोडून बसणारी माणसं, या खेपेला वाटेतले नातेवाईक उरकत तीन आठवडे रोज गाडी हाकत होती. इकडचा ऐन उन्हाळा, बाहेर बेचाळीस अंश.

नोरीनला बघून मी चरकले. अंगठी बोटात राहावी म्हणून तिने तिला दोरा गुंडाळला होता. पाण्याचे पेल्यावर पेले रिचवत होती. पाच वाजता आम्ही नेहमीसारख्या खुर्च्या गोल करून बसलो, तेव्हा क्लेमने सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून सुरू केलं.

"विन, तुझा बिस्किटांचा डबा लपव गं बाई. आमच्या राणीसरकारांची साखर आभाळाला टेकलीय."

"मी काही खात नाहीये, क्लेम."

"हो ना. मग साखर वाऱ्यावर उडत येते वाटतं!"

सगळे हसले. मीही हसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. नंतर भांडी घासताना नोरीन मला म्हणाली, "जेवले तरी हा घास मोजतो गं. म्हणून आता जेवतच नाही. आणि सुई रोज वेळेवर घेते, देवाशपथ. तरी उतरत नाही. माझंच काहीतरी चुकत असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली आणि दुपारी चारला परत आली. वाटेत नोरीनला उलट्या सुरू झाल्या होत्या, श्वासाला सडक्या फळांसारखा वास येत होता. क्लेमने गाडी तशीच वळवली, तिला आमच्या गावातल्या छोट्या इस्पितळात पोचवलं आणि तिच्यापाशी बसला. त्याची गाडी मी तळावर आणली. इतक्यात नर्सचा फोन आला, नोरीनची इन्सुलिनची पेटी पाठवा म्हणून.

मी फ्रीजची कडी काढली. आतून कोमट हवा तोंडावर आली. लोणी पातळ झालं होतं. पेटी हाताला गरम लागली, उन्हात ठेवलेल्या चपलेसारखी.

नोरीनचा गाऊन न्यायला क्लेम आला, तेव्हा मी सरळ सांगितलं, "क्लेम, तुझा फ्रीज चालत नाहीये."

"वेडी की काय! दिवा बघ, हिरवा आहे."

"दिवा नुसतं बटण कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. हे तूच मला शिकवलंस."

त्याने मला इंजिन सुरू करायला लावलं आणि स्वतः बाहेरची झडप उघडून फ्रीजच्या पाठीमागे मीटर लावला. शून्य. फ्यूज काढून बघितला, शाबूत. तारा ओढून बघितल्या, घट्ट. मग बॉनेट उघडून कडेच्या काळ्या डबीचं झाकण काढलं. इंजिन चालू झालं की फ्रीजकडे करंट सोडणारा काडेपेटीएवढा रिले तिथे बसतो. त्याची जागा रिकामी होती.

"चोरला कुणी?" मी विचारलं.

क्लेम बंपरवर बसला. "मीच काढला. तिकडे उत्तरेत, टाउन्सव्हिलच्या अलीकडे, एक पोरगी रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दोन लेकरं, रिले जळून रेडिएटरचा पंखा बंद. आपला काढून तिला बसवून दिला. म्हटलं, पुढच्या गावात नवा घेऊ."

"मग?"

"पुढच्या गावात फोनवर तिचा फोटो आला. लेकरं हात हलवताहेत. तो सगळ्यांना दाखवत बसलो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तीन आठवडे, विन. रोज दिवसा इन्सुलिन उकळलं, रोज रात्री गार झालं. तिने टोचलं ते नुसतं पाणी. आणि मी म्हणत होतो, ती चोरून खाते."

"ऊठ. जाऊन तिला सांग."

"सांगतो. आत्ताच सांगतो."

वाटेत तो एकच वाक्य पुटपुटत होता, "तुझं काही चुकलं नाही, नोरीन." शाळेतली पोरं पाठ करतात तसं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मूत्रपिंडं थकली आहेत, ॲडलेडला न्यायला विमान निघालं आहे, आशा फार धरू नका. आणि बोलायचं असेल तर आत्ताच बोला.

मी दारात थांबले. नोरीनने डोळे उघडले. क्लेमने तिचा हात धरला, तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

"क्लेम, मी खोटं बोलले रे. पोर्ट ऑगस्टाला दोन बिस्किटं खाल्ली होती. तू पेट्रोल भरत होतास तेव्हा. फार भूक लागली होती."

क्लेम तिच्या अंगठीवरचा दोरा चाचपत राहिला.

"दोनच खाल्ली. माझ्यामुळे सगळं झालं. आता बाळाला बघायचं राहिलं. मला माफ करशील ना?"

मी मनात ओरडत होते, सांग मेल्या, सांग. माझ्याही तोंडापर्यंत आलं होतं. पण मीही बोलले नाही. बाहेर विमानापर्यंत न्यायला ॲम्ब्युलन्स लागली होती, माणसं स्ट्रेचर घेऊन माझ्या मागे उभी होती.

"केलं," क्लेम म्हणाला. "केलं माफ, राणी."

नोरीनने डोळे मिटले. तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

ती गुरुवारी ॲडलेडच्या इस्पितळात वारली. मधल्या दोन दिवसांत तिला शुद्ध आली नाही. क्लेमने तिथूनच मला फोन केला. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, स्वतःला नाहीतर मला.

"विन," तो म्हणाला, "तू बघितलंस ना? माफ केलं म्हटल्यावर तिला किती बरं वाटलं."