रॉकेल न पिणारं इंजिन

दादाची मोटार माझ्यापेक्षा वयानं मोठी होती. काळी, गोल पाठीची, दार तीनदा आपटल्याशिवाय न लागणारी. निजामाच्या काळात ती कुण्या बड्या अधिकाऱ्याची होती, असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचा. खरं-खोटं मोटारच जाणे. नार्नूरच्या बाजारच्या दिवशी तिच्यात माणसं, गाठोडी, कधी एखादी बकरी, सगळं एकावर एक बसून जायचं, आणि आमचा दादा आरशात भांग नीट करत ऐटीत गाडी हाकायचा. लग्नाआधी मला त्या मोटारीचा भारी तोरा होता.

त्याच मोटारीत वहिनी गेली. ती बाळंतपणात अडली म्हणून दादा तिला आदिलाबादच्या दवाखान्यात नेत होता. मधल्या घाटात, मोहाच्या झाडाजवळच्या वळणावर, इंजिन खडखडायला लागलं, तापलं आणि बंद पडलं. दादानं पाणी ओतलं, हँडल मारून मारून हाताची सालं काढली. मागून लाकडाचा ट्रक येईपर्यंत वहिनी आणि तिच्या पोटातलं बाळ, दोघंही गेली होती.

मी तेव्हा सासरी, मुधोळला होते. निरोप मिळाल्यावर गावी पोचले तर मोटार अंगणात उभी, तिच्यावर कुणीतरी गोधडी टाकलेली. मला पहिल्यापासून राग लवकर येतो. मी पायातली चप्पल काढली आणि त्या मोटारीला बडव बडव बडवली. कुणी अडवलं नाही. गाव म्हणालं, म्हातारं इंजिन, त्याचा दम संपला होता. दादा त्यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. दादा न्यायला आला तर सासूबाई दारातच उभ्या राहिल्या.

"ज्या घाटात तुमच्या घरची सून गेली, त्याच घाटाच्या वाटेवर आमची सून काऊन पाठवाची?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. दादा खाली मान घालून म्हणाला, "मावशी, गाडी घाट चढंल. मी तेच काम करून राह्यलो."

मीच पिशवी उचलली. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण मी गेले नसते तर, वहिनी दादामुळंच गेली, हे जे गावानं तोंडावर म्हटलं नव्हतं, ते मी म्हटल्यासारखं झालं असतं.

घरी आले तर अंगणात इंजिन उघडं पडलेलं. इंजिनच्या वर जो जड लोखंडी भाग बसतो, ज्याला मेकॅनिक लोक हेड म्हणतात, तो दादानं पोत्यात बांधून बसनं मंचेरियलला नेला होता आणि तिथल्या लेथवाल्याकडून त्याचा तळ घासून आणला होता. तळ घासला की आतली जागा कमी होते, पेट्रोल जास्त दाबलं जातं आणि इंजिनला जोर येतो, असं त्यानं मला रिकामी आगपेटी दोन बोटांत दाबून समजावलं. मग तो रोज पडवीत बसून पेट्रोल-हवा जायच्या वाटा कानशीनं रुंद करी, पॉलिशपेपरनं गुळगुळीत करी. व्हॉल्व्ह, म्हणजे त्या वाटांच्या झडपा, बसवताना दोन्ही तळहातांत काठी धरून ताक घुसळल्यासारखा घुमवत राही. जेवायला हाका मारून आई थके. वहिनी गेल्यापासून तो इतका वेळ एका जागी बसलेला मी पाहिला नव्हता. मला बरं वाटे आणि रडूही येई.

हेड बसलं, गाडी सुरू झाली. आवाज अगदी वेगळा, भरदार. बाबा खुशीत आले आणि नेहमीच्या सवयीनं डबा आणि रबरी नळी घेऊन टाकीपाशी गेले. आमच्या भागात तेव्हा टॅक्सीवाले पेट्रोलमध्ये सर्रास स्वस्त रॉकेल मिसळत. मिसळायचं काम आमच्या घरी बाबांचं होतं, आणि त्यांचा हात बसलेला आहे असं सगळे कौतुकानं म्हणत.

दादानं धावत येऊन डबा धरला.

"बाबा, हे इंजिन आता रॉकेल पेतच नाही. जरासं टाकलं तरी ठोके मारते. लेथवाला बी म्हने, एवढं घासू नको, रॉकेलवर चालनार नाही. मी म्हनलो, मले तसंच पायजे."

"अरे, पन काऊन?"

"त्या दिवशी टाकीत काय होतं बाबा? मीच तर म्हनलो होतो तुमाले, टाका म्हनून."

बाबा तिथंच मातीत बसले. मला अंगणातली ती चप्पल आठवली. कुणाला मारत होते मी!

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. आई माझं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली, दादा पुढं. घाट लागला तसा मी सीटचा काठ घट्ट धरला. कळेपेक्षा माझं लक्ष इंजिनकडे. मोहाचं वळण आलं. आईनं डोळे मिटले. दादानं त्या झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी एकदाही न कुरकुरता वर गेली, माथ्यावर वारा लागला आणि मी मोठ्यानं रडले. आईला वाटलं, कळ आली.

दिवस मावळायच्या आत आदिलाबादच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप होतो. आईनं दादाला आत बोलावलं. तो खाटेपाशी उभा राहिला. मी म्हटलं, "दादा, चढली तुझी गाडी."

"हो," तो म्हणाला. "अर्धाच पाय दाबला होता मी. पुरा दाबाचं कामच पडलं नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाला, "बाई, त्या दिवशी जुन्या हेडनं बी चढली असती ना ती. नुस्तं साफ पेट्रोल पायजे होतं."

मी बाळाला उचलून त्याच्यापुढं धरलं. त्यानं दोन्ही हात झटकन मागं घेतले.

"नको. हाताले रॉकेलचा वास येते."

मी त्याचा हात ओढून नाकाशी नेला. त्याला दवाखान्यातल्या साबणाचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता. पण माझी मुलगी रांगायला लागेपर्यंत दादानं तिला कधी उचललं नाही.